बेटावर फिरायला निघालात? चोरी, फसवणूक आणि भीती यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुरीचे आणि कापसाचे चुकारे हाती आले की आर्वी-पुलगाव भागातून फिरायला निघणाऱ्यांची गर्दी सुरू होते. पूर्वी तिरुपती-रामेश्वर व्हायचं, आता अंदमान, बाली, फुकेट, श्रीलंका ही नावं सर्रास ऐकू येतात. पासपोर्टचा अर्ज किंवा तिकीट काढायला माझ्याकडे आलेली माणसं भाड्यापेक्षा जास्त एकच गोष्ट विचारतात: तिथे आपल्याला काही होणार तर नाही ना? त्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

परक्या बेटावर जाणं मुळात धोक्याचं आहे का?

"बेट" म्हणून एकच एक उत्तर नाही. कॅरिबियनमधल्या जमैकात 2022 साली सुमारे दीड हजार खून झाले आणि तिथली लोकसंख्या जेमतेम 28 लाख. म्हणजे लाख माणसांमागे पन्नासहून जास्त. त्याच वर्षी भारतात हे प्रमाण लाखामागे 2.1 होतं. बाली ज्या देशात आहे त्या इंडोनेशियात तर ते एकाच्याही खाली असतं. मथळ्यात दोन्हींचा उल्लेख "बेटावर पर्यटकाची हत्या" असा एकाच मापाच्या अक्षरांत येतो, पण या दोन बेटांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जमैकातही सगळीकडे सारखी परिस्थिती नाही. तिथले बहुतेक खून ठरावीक शहरांतल्या ठरावीक वस्त्यांत, टोळ्यांच्या भांडणातून होतात. ताडोबाच्या आसपासच्या गावांत कोणी "जिल्ह्यात वाघ आहे का" असं विचारत बसत नाही. कोणत्या नाल्याकडे, कोणत्या वेळी, एकटं की चौघं मिळून, हे विचारून मगच लोक मोहफुलं वेचायला निघतात. बेटाबद्दलही असंच विचारायला हवं: कोणतं गाव, कोणता किनारा, दिवसा की रात्री, सोबत कोण?

नेटवर गुन्ह्यांचे आकडे मिळतात. ते कसे वाचायचे?

पहिली गोष्ट, एकूण संख्या पाहू नका, लाखामागे किती ते पाहा. दुसरी, बेट लहान असेल तर एका वर्षाच्या टक्केवारीवर जाऊ नका. अंदमान-निकोबारची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 3,80,581 आहे. समजा एखाद्या वर्षी तिथे आठ खून झाले आणि पुढच्या वर्षी बारा, तर बातमी होईल "खुनांत 50 टक्के वाढ". प्रत्यक्षात चारच घटना वाढलेल्या असतात. पाच वर्षांचा कल पाहिला तर खरं काय ते कळतं.

तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बालीत 44 लाखांच्या आसपास लोक राहतात आणि 2024 मध्ये तिथे 63 लाख परदेशी पर्यटक येऊन गेले. मालदीवची वस्ती पाच लाखांच्या घरातली, पण त्याच वर्षी तिथे 20 लाखांवर पाहुणे आले. गुन्ह्याचा दर काढताना भागतात तो स्थानिक लोकसंख्येने. त्यामुळे पर्यटकांच्या बेटांचा दर आहे त्यापेक्षा वाईट दिसू शकतो. उलट बाजूही आहे. ज्याचं पाकीट मारलं गेलं त्याचं परवा सकाळी विमान असतं, तो ठाण्यात जातच नाही. म्हणून चोरीचे नोंदलेले आकडे फार विश्वासाचे नसतात. खुनाचे त्या मानाने बरे, कारण मृतदेहाची नोंद सहसा लपत नाही.

मग नेमकी भीती कशाची धरायची?

प्रत्येक धोक्याला तीन प्रश्न लावा. किती वेळा घडतं? घडलं तर किती जातं? आणि गेलेलं परत मिळतं का? लोक पहिल्या दोनांवर थांबतात. माझ्या मते तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा.

पाच हजार रुपयांना फसवलं, तर जीव हळहळतो, पण पुढच्या हंगामात ते भरून निघतात. पासपोर्ट गेला तर आठवडा वाया जातो, खर्च येतो, तरी माणूस घरी पोचतो. परदेशातल्या तुरुंगात गेलेली वर्षं मात्र परत येत नाहीत आणि जीवही येत नाही. आता पाहा, लोक भितात खिसेकापूला, आणि भाड्याच्या स्कूटरवर हेल्मेट न घालता बसतात. भारतात 2022 मध्ये 28,522 खून झाले आणि रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, म्हणजे जवळपास सहापट. सुटीत हा हिशेब बदलत नाही. त्यात समुद्राची भर पडते. विहिरीत आणि वर्धा नदीत पोहायला शिकलेल्या माणसाला लाटेखालून आत ओढणारा प्रवाह माहीत नसतो. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, चांगलं पोहता येत असलं तरी नाही. फुकेटच्या पश्चिम किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांत हे झेंडे वारंवार लागतात.

एजंटाने "पाच दिवस बाली" फार स्वस्तात देऊ केलं आहे. घ्यावं का?

बेटावरची फसवणूक बऱ्याचदा बेटावर होतच नाही, ती आपल्या तालुक्याच्या ठिकाणी होते. सहल ज्या दिवशी ठरते त्याच दिवशी पैसे गेलेले असतात, कळतं मात्र विमानतळावर.

तपासणी अवघड नाही. तिकिटाचा पीएनआर एजंटाच्या मोबाइलवर पाहू नका, विमान कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून पाहा. हॉटेलचा फोन नंबर नकाशावरून शोधा आणि आपल्या नावाने खोली आहे का ते विचारा. हॉटेलवाल्याला मराठी येत नसेल, पण आपलं नाव आणि तारीख त्याला कळतेच. पैसे कोणाच्या खाजगी यूपीआयवर न टाकता फर्मच्या खात्यात भरा आणि जीएसटी क्रमांक असलेली पावती घ्या. व्हिसासाठी सरकारी वेबसाइटसारख्या दिसणाऱ्या कितीतरी वेबसाइट आहेत. इंडोनेशियाच्या सरकारी पत्त्याच्या शेवटी "गो डॉट आयडी" असतं आणि श्रीलंकेच्या "गव्ह डॉट एलके". शेवट वेगळा असेल तर कार्डाचा नंबर टाकू नका.

पैसे गेल्याचं लक्षात आलं तर लाजून गप्प बसू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी ते गोठवता आले तरच हाती काही लागतं, म्हणून इथे एकेक तास मोलाचा आहे.

अंदमानात तर आपलेच लोक. तिथे कशाची काळजी?

हिंदी सगळीकडे चालते, आपलाच रुपया, 112 वर पोलीस येतात, आणि लूटमारीची भीती फार कमी. म्हातारी माणसं सोबत असतील तर पहिली बेटाची सहल मी अंदमानचीच सुचवतो.

तिथे धोका आहे तो नकळत आपल्याच हातून गुन्हा होण्याचा. बाराटांग बेटाकडे जाणारा रस्ता जारवा या आदिम जमातीच्या राखीव जंगलातून जातो आणि गाड्या ताफ्यानेच सोडतात. वाटेत थांबणं, फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं या सगळ्याला बंदी आहे. आदिम जमातींच्या संरक्षणासाठी 1956 पासून विनियम लागू आहे आणि तो मोडला तर तुरुंगवासाची तरतूद आहे. मुलांना बिस्किटाचा पुडा द्यावासा वाटतो, मन त्यात वाईट नसतं. पण त्या लोकांच्या अंगात आपल्या साध्या आजारांविरुद्धही ताकद नाही. बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवणाऱ्या जमातीच्या उत्तर सेंटिनेल बेटाजवळ पाच सागरी मैलांच्या आत जायलाच मनाई आहे. 2018 मध्ये तिथे उतरलेला एक अमेरिकन तरुण मारला गेला, 2025 मध्ये दुसऱ्याला पोलिसांनी अटक केली.

किनाऱ्यावरचे शंख आणि प्रवाळाचे तुकडेही उचलू नका. अनेक जातींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे आणि विमानतळावर बॅगा तपासल्या जातात. दुकानातून घेतला असेल तर पावती जपून ठेवा.

बुकिंग करताना नावांचा गोंधळ होतो तो वेगळाच. 2018 मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, आणि 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम. एकाच बेटाचे दोन नावांनी दोनदा पैसे मागितले, तर लक्षात यायला हवं.

आणि चेन्नईपर्यंत रेल्वेने जात असाल तर वर्धा किंवा बल्लारशा सुटल्यानंतरची रात्र जपा. बॅग बर्थखाली साखळीने बांधा, मोबाइल चार्जिंगला लावून झोपू नका. काही झालं तर रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवर फोन करा.

बालीत नेमकं काय होतं?

दोन गोष्टी नेहमीच्या. कुटा, सेमिन्याकसारख्या गर्दीच्या भागात स्कूटरवरून येऊन पर्स किंवा मोबाइल हिसकावणं ही पहिली. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, पर्स भिंतीच्या बाजूच्या खांद्याला अडकवा.

दुसरी पैसे बदलण्याची. तिथल्या एक लाख रुपियाच्या नोटेची किंमत आपल्या सुमारे साडेपाचशे रुपयांइतकी, त्यामुळे शून्यं मोजतानाच डोकं गरगरतं. बाजारापेक्षा जास्त भाव लावलेला गल्लीतला दुकानदार मुद्दाम लहान नोटांची चळत देतो. आपल्यासमोर मोजतो, मग "परत एकदा" म्हणून हातात घेतो आणि त्यातल्या काही टेबलाच्या मागे पाडतो. उपाय एकच. बँक इंडोनेशियाचा परवाना लावलेल्या ठिकाणीच बदला, आणि शेवटची मोजणी आपली. मोजून झाल्यावर गड्डी त्याच्या हातात परत द्यायची नाही.

पिणाऱ्यांसाठी गंभीर सूचना. स्थानिक "अराक" किंवा त्यात मिसळलेली स्वस्त कॉकटेलं घेऊ नका. मिथेनॉलची भेसळ झालेल्या दारूने इंडोनेशियात माणसं मेली आहेत, डोळे गेले आहेत. हातभट्टीने उजाडलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा हे जास्त समजावून सांगायला नको.

फुकेटला जेट-स्कीवाले लुटतात म्हणे?

सगळे नाही, पण हा प्रकार जुना आणि खरा आहे. फेरी मारून आलात की यंत्रावरचा आधीचाच ओरखडा दाखवतात आणि भरपाई मागतात. चार जण गोळा होतात, आवाज चढतो. यंत्र घेण्याआधी मालकासमोरच चारही बाजूंनी, खालूनही, व्हिडिओ काढा. भांडण झालंच तर थायलंडचे पर्यटक पोलीस 1155 वर मिळतात. आणि काहीही भाड्याने घेताना पासपोर्ट गहाण ठेवायचा नाही. तो त्याच्या पेटीत गेला की सौदा संपला, मग तो म्हणेल ती रक्कम. छायाप्रत द्या, रोख अनामत द्या, नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

स्कूटर घ्यायची असेल तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आधी काढा, तो एक वर्ष चालतो. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि परदेशी दवाखान्याचं बिल वावर विकायला लावतं.

श्रीलंका?

आपल्यासारखाच देश, आपल्यासारखीच फसवणूक. रत्नं विकत घेऊ नका, "आज सरकारी सवलतीचा शेवटचा दिवस" असं कोणी म्हटलं तर मुळीच नाही. ऑटोचं भाडं बसण्याआधी ठरवा किंवा ॲपवरून बोलवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे तो अपमान समजतात आणि पोलीस हस्तक्षेप करतात. पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1912.

ओळखीच्या एकाने "फुकट सहल" देऊ केली आहे. येताना फक्त एक बॅग आणायची. जाऊ का?

नाही. जाऊ नका आणि घरातल्या मुलालाही जाऊ देऊ नका.

मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्यांच्या सामानात हायड्रोपोनिक (मातीशिवाय पाण्यात वाढवलेला) गांजा सापडल्याच्या बातम्या सारख्या येतात. बॅग वाहणारा बहुतेक वेळा विशीतला, गरजू घरातला मुलगा असतो. ज्याने पाठवलं त्याचं नाव त्याला नीट माहीतही नसतं. आपल्याकडे 1985 चा अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा लागतो आणि त्यात जामीन मिळणं फार कठीण. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करण्याचा भार बॅग ज्याच्या हातात सापडली त्याच्यावर येऊन पडतो.

इंडोनेशियात आणि सिंगापूरमध्ये तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे आणि न्यायालयं ती सुनावतात. बालीत 2005 मध्ये हेरॉइनसह पकडलेल्या नऊ ऑस्ट्रेलियनांपैकी दोघांना 2015 मध्ये गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. त्यांच्या सरकारने शेवटपर्यंत विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही.

विमानतळावर कोणी गयावया करत म्हणतं, "काका, माझं वजन जास्त झालं, एवढी पिशवी तुमच्यात घ्या." आपल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. तरी नाहीच म्हणायचं. बॅग स्वतः भरायची, स्वतः कुलूप लावायचं.

थायलंडला "डाटा एंट्री"ची नोकरी आहे, आधी टुरिस्ट म्हणून या म्हणतात. खरं असेल का?

टुरिस्ट म्हणून नेऊन नोकरी देणारा माणूस कायदा मोडतोच आहे, पुढेही मोडेल. अशा कित्येक मुलांना बँकॉकहून गाडीत घालून सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात नेलं गेलं, पासपोर्ट काढून घेतले आणि कोंडून ठेवून ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावलं. मार्च 2025 मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना तिथून सोडवून आणलं. परदेशी नोकरी असेल तर एजंटाची नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंद नसेल तर विषय तिथेच संपवा.

खर्रा, घरचा मसाला, देवाची मूर्ती नेता येते का?

देशानुसार. सिंगापूरमध्ये चघळायच्या तंबाखूला बंदी आहे, तेव्हा खर्रा खिशातही नको. खसखसही नेऊ नका, अफूच्या बियांवर तिथे बंधन आहे. ई-सिगारेट सिंगापूर, थायलंड, मालदीव तिन्हीकडे बेकायदा. मालदीवमध्ये दारू, डुकराचं मांस आणि पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत. देव्हाऱ्यातली मूर्ती प्रवासात सोबत ठेवायची सवय असलेल्या मंडळींनी हे मनाला लावून घेऊ नये, तिथला कायदा तसा आहे.

रोख किती न्यावी? अंगावर सोनं?

परदेशात जाताना माणशी 25,000 रुपयांपर्यंतच भारतीय चलन नेता येतं. बाकी परकीय चलन आणि कार्ड. कार्डाचा परदेशी वापर 2020 पासून मुळात बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो. चालू करा, पण मर्यादा लहान ठेवा आणि परतल्यावर बंद करा. सगळे पैसे एका जागी ठेवू नका. नवरा-बायकोच्या बॅगांत वाटून ठेवा.

सोनं घरी किंवा लॉकरमध्ये. डोरलं काढायला जीव होत नाही, हे मी समजू शकतो. मग काळ्या मण्यांची साधी पोत घाला.

बचत गटाच्या आम्ही बायका-बायका जातो आहोत. चालेल ना?

जरूर जा. अंदमान, बाली, श्रीलंका तिन्हीकडे बायकांचे गट फिरतात. विमान दिवसा उतरेल असं तिकीट घ्या, म्हणजे अनोळखी गावात रात्री हॉटेल शोधावं लागणार नाही. खोल्या एकाच मजल्यावर मागा, तळमजल्यावर नको. खोलीचा नंबर लोकांसमोर मोठ्याने बोलू नका. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर एकट्या-दुकट्या जाऊ नका. उघडा ठेवून गेलेला पेला परत तोंडाला लावायचा नाही, मग त्यात शहाळ्याचं पाणी का असेना. फोटो घरी परतल्यावर टाका. "आम्ही पंधरा तारखेपर्यंत बालीत" असं स्टेटस गावभर गेलं की इकडे बंद घराचं कुलूप तुटायला वेळ लागत नाही.

पासपोर्टच चोरीला गेला तर?

घाबरू नका, यावर उपाय आहे. आधी जवळच्या ठाण्यात तक्रार देऊन तिची लेखी प्रत घ्या. मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठा. बालीत तो देनपसारला आहे, थायलंडमधला भारतीय दूतावास बँकॉकला, श्रीलंकेत कोलंबोला उच्चायुक्तालय. तिथे भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. पासपोर्टची छायाप्रत आणि दोन फोटो वेगळ्या बॅगेत असले तर काम लवकर होतं. तीच तक्रारीची प्रत विम्यासाठीही लागते.

मोबाइल गेला तर सगळ्यांत आधी सिम बंद करा, कारण यूपीआय आणि ओटीपी त्यावर आहेत. यासाठी बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून ठेवा. मोबाइलमधला नंबर मोबाइलबरोबरच जातो. आणि कोणी सुरा दाखवून मागितलं तर देऊन टाका.

तिकिटं काढली आणि तिथून वाईट बातमी आली. मायच्या मनात भेव बसलं आहे. रद्द करू का?

बातमी कशाची ते आधी नीट पाहा. एका पर्यटकाची हत्या, एक चोरी, एक अपघात यांमुळे बेट बदलत नाही. दंगल, बॉम्बस्फोट, आणीबाणी, ज्वालामुखी यांनी बदलतं. श्रीलंकेत 21 एप्रिल 2019 ला चर्च आणि हॉटेलांवर हल्ले झाले आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा थांबणंच योग्य होतं. परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशातला भारतीय दूतावास अशा वेळी सूचना काढतात, त्या वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा व्हिडिओ कधीचा आणि कुठला, हे कळायला मार्ग नसतो.

मायची समजूत आकड्यांनी निघणार नाही. हॉटेलचं नाव, विमानाचे नंबर, सोबतच्यांचे मोबाइल आणि दूतावासाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तिच्या हाती द्या. रोज कोणत्या वेळी फोन येईल ते ठरवा, आणि तिकडे नेटवर्क नसेल तर किती तास वाट पाहून कोणाला कळवायचं, हेही त्याच कागदावर लिहा.